खोटी बाटली

मी एक जुनी पेटी आहे आणि सुरुवातीलाच सांगते, मी रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू फार गोड बोलतात, हे मला माहीत आहे. फुटकी छत्री, गंजकी सायकल, सगळ्या कशा डोळे पुसत बोलतात. मला ते जमायचं नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता. माझा उजेड मंद झालाय, असं सांगायचं एका माणसानं ठरवलं आणि खरं काय ते माहीत असलेल्या एका पोरीने लगेच मान डोलावली. गोष्ट जुनी झाली, पण आठवली की अजून माझी नळी फडफडते.

तर मित्रांनो, नीट बसा आणि ऐका.

पेटी म्हटल्यावर तुम्हाला कपड्यांची पेटी आठवली असेल. मी तशी नाही. मला झाकण नाही, कुलूप नाही. मी समोरून उघडी, टेबलावर पक्की बसवलेली, दोघी शेजारी बसून काम करू शकतील एवढी रुंद. माझ्या पाठीवर प्रत्येकीसमोर एक काळी पट्टी आणि एक पांढरी पट्टी आहे, आणि डोक्यावर लांब नळीचा दिवा. लहान मुलांच्या तापाचं गुलाबी औषध जिथे बनतं, त्या कारखान्यात मी राहते. औषध भरून झाकण बसलं की प्रत्येक बाटली माझ्यासमोर धरतात. आधी उलटी करायची, मग सरळ, मग हलकेच फिरवायची. पांढऱ्या पट्टीवर काळा कण दिसतो, केस दिसतो, माशीचा पाय दिसतो. काळ्या पट्टीवर धूळ दिसते, दोरा दिसतो आणि काच दिसते. ज्या बाटलीत काही दिसलं ती लाल टोपल्यात टाकायची. बाकीच्या लेबल लावायला पुढे जातात, आणि तिथून तुमच्या घरी.

मला एका चिडक्या सुताराने बनवलं. कोन जरा चुकला की तो पट्टी आपटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मापं घ्यायचा. रंगाऱ्याने काळा रंग तीनदा दिला, कारण पहिल्या दोनदा त्यात चकाकी येत होती आणि चकाकीत काच लपते. मला ते दोघं फार आवडले. काम करताना ते शिव्या देत होते, पण बघत होते. नवी होते तेव्हा माझं कौतुकही पुष्कळ झालं. बाहेरचे पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्याकडे आणायचे आणि म्हणायचे, "इथून काही सुटत नाही." मी तेव्हा ताठ उभी असायचे, म्हणजे तशी मी नेहमीच ताठ असते.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाटली माझ्यासमोर असते, पण मला बाटलीच्या पलीकडचे दोन डोळे दिसतात. डोळे काम करत असले की हलतात. गळ्यापासून तळापर्यंत जातात, तळाशी जरा रेंगाळतात, पुन्हा वर येतात. आणि मग कधीतरी ते थांबतात. मिटत नाहीत बरं का. उघडेच असतात, बाटलीवरच असतात, हातही बाटली उलटी-सरळ करत असतात. फक्त डोळे जागच्या जागी थांबलेले. लोक म्हणतात, कंटाळा आला. आला म्हणे! जसा काही तो दारातून आला, चपला काढल्या आणि पाणी मागितलं. इतकी वर्षं मी दाराकडे तोंड करून बसले आहे, मला तो येताना एकदाही दिसलेला नाही. मला दिसतात ते थांबलेले डोळे.

माझ्यासमोर दोन स्टुलं होती. एकावर वहिनी बसायची, दुसऱ्यावर तिची नणंद. वहिनी आधीपासून कामाला होती. नणंदेचं शिक्षण अर्धवट सुटलं, घरात बसून ती सगळ्यांवर खेकसायला लागली, तेव्हा वहिनीनेच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं. नणंद वयाने बरीच लहान, तरी वहिनी तिला थट्टेने "वन्सं" म्हणायची आणि अहो-जाहो करायची.

"वन्सं, डोळे कुठे आहेत तुमचे?"

"डोळे इथेच आहेत गं, जीव गेलाय. तीच बाटली, तीच बाटली, तीच बाटली. स्वप्नातपण मी बाटल्या उलट्या करते."

"मग झोपेतल्या तरी नीट बघा."

अशी दोघींची जोडी. त्यांच्यावर एक सुपरवायझर होता. त्याला सगळे मागून जांभईसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाला उशीर झाला तर ओरडायचा नाही, कुणाचं मूल आजारी असलं तर लवकर सोडायचा. पण तो जांभई द्यायला लागला की अख्खी खोली द्यायची.

कामात लक्ष लागावं म्हणून या खोलीत काय काय केलं गेलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मला मात्र हसू येत नाही. आधी भिंतीवर मोठ्या अक्षरांत "लक्ष द्या" अशी पाटी लावली. चार दिवसांनी त्या पाटीकडेच कुणाचं लक्ष नव्हतं. मग रेडिओ आणला. दोघी गाण्याबरोबर गुणगुणायच्या, पाय हलायचे, मान हलायची, सगळं हलायचं, डोळे सोडून. मग बसायला गाद्या आल्या. त्यानंतर तर विचारूच नका.

आणि एक होती खोटी बाटली. ही जुनी पद्धत. सुपरवायझरने मुद्दाम एखाद्या बाटलीत केस किंवा काचेचा बारीक कण टाकायचा, झाकण लावायचं आणि न सांगता ती चांगल्या बाटल्यांत सोडायची. तपासणारीने ती पकडली तर ठीक. सुटली, तर तो पुढच्या टेबलावरून ती काढून आणायचा आणि समोर ठेवायचा. पद्धत चांगली होती. वहिनी नवी होती तेव्हा खोटी बाटली सुटली की तिला रात्री जेवण जायचं नाही.

पण मित्रांनो, खोट्या बाटल्या बनवणं हेही एक कामच. कण शोधा, बाटली उघडा, पुन्हा बंद करा, कुणाला कळू देऊ नका. जांभईसाहेबांना त्याचा कंटाळा आला. त्यांनी एकदा बनवलेल्या त्याच पाच-सहा बाटल्या पुन्हा पुन्हा वापरायला सुरुवात केली. आज सोडायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, उद्या पुन्हा सोडायच्या. हाताळून हाताळून त्यांच्या झाकणांची कड घासली आणि पांढरी पडली.

हे पहिल्यांदा नणंदेच्या लक्षात आलं. पोरगी हुशार. तिने वहिनीला कोपर मारून दाखवलं आणि दोघी खूप हसल्या. मग नणंदेने खेळ काढला. जी आधी खोटी बाटली पकडेल तिला दुसरीने चहा पाजायचा. काय सांगू, त्या दिवशी खोलीत जान आली. डोळे हलायला लागले. रोज चुरस, रोज चहा. जांभईसाहेब खूश, कारण एकही खोटी बाटली सुटत नव्हती. मालकांनी दोघींचं नाव घेऊन कौतुक केलं. कंटाळा पळाला असं सगळ्यांना वाटलं.

आणि मी इकडे जळत होते. कारण मला त्यांचे डोळे दिसत होते. ते हलत होते, पण तळाकडे जात नव्हते. ते फक्त झाकणांवर फिरत होते. घासलेली कड दिसली की झडप, नाही दिसली की पुढे. बाटलीच्या पोटात काय आहे ते बघायला कुणी उरलंच नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडून ओरडून खोली डोक्यावर घेतली असती.

त्याच सुमाराला भरायच्या मशिनचा एक दांडा झिजला. बाटलीच्या तोंडाला तो मधूनच घासायचा आणि काचेची बारीक कपची उडून आत पडायची. रोज नाही, प्रत्येक बाटलीत नाही. पण पडायची, आणि माझ्या काळ्या पट्टीसमोरून चमकत जायची. मी होता नव्हता तेवढा उजेड तिच्यावर टाकत होते. समोर दोन बायका झाकणं बघत होत्या.

मग एक दिवस बाटली परत आली. दुकानदाराने पाठवलेली, लेबलासकट. कुणा आईने तापलेल्या पोरासाठी खिडकीशी उभं राहून चमच्यात औषध ओतलं आणि तिला चमच्यात काहीतरी चमकताना दिसलं. तिने बोटाने चाचपलं, बोट कापलं. पोराच्या तोंडात गेलं नाही, एवढंच नशीब. त्या बाईकडे माझ्यासारखी पेटी नव्हती, काळी पट्टी नव्हती, नळी नव्हती. पोर मांडीवर किरकिरत असणार, झोप झालेली नसणार. तरी तिने चमच्यात बघितलं.

जांभईसाहेब ती बाटली घेऊन आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दार लावून त्यांनी ती माझ्यासमोर धरली. कपची तळाशी बसली होती, स्वच्छ दिसत होती. वहिनीने पदराला हात पुसावेत तसे नुसतेच हात पुसले. नणंद रडायच्या बेतात आली.

"हे बघा, घाबरू नका," ते म्हणाले. "मी विचार केलाय. ही बाटली ज्या दोन दिवसांच्या मालातली आहे, त्या दोन दिवसांत नळी मंद होती असं सांगायचं. पेटी जुनी झालीय, मालकांना पटेल. त्या दोन दिवसांचा माल परत मागवू, पेटी भंगारात देऊ, नवी आणू. तुमची नोकरी राहील, माझीही राहील. बाकीचा माल ट्रकमध्ये भरलाय, तो जाऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरीही गेली. नळी मंद? मी? ज्या काचेला मी दिवसभर उजेडात उभं केलं, तिचं खापर माझ्यावर? पण खरं सांगते, भंगारात जायचं मला एवढं वाटलं नाही. मला तो ट्रक दिसत होता. खिडकीतून फाटक दिसतं, आणि फाटकात तो भरून उभा होता. खेळ सुरू झाल्यापासून न बघितलेल्या बाटल्या त्यात होत्या. ड्रायव्हर बिडी विझवत होता.

नणंदेने पटकन मान डोलावली. "हो, मंद होती. मला पण वाटलं होतं तसं."

वहिनी पुढे झाली. तिने परत आलेली बाटली उचलली, उलटी केली, सरळ केली, फिरवली. तिचे डोळे गळ्यापासून तळापर्यंत गेले आणि तळाशी थांबले. खूप दिवसांनी ते तिथे पोचले होते.

"ट्रक थांबवा," ती म्हणाली.

"अहो, मी काय सांगतोय..."

"नळीला काही झालेलं नाही, साहेब. मला झालंय. मला कंटाळा आला आणि मी बाटल्या बघायच्या सोडल्या. आम्ही झाकणं बघतो. तुमच्या खोट्या बाटल्यांची झाकणं घासलीत, त्यावरून ओळखतो. आतलं काही बघत नाही. दोन दिवस नाही, तेव्हापासून सगळंच बघितलेलं नाही."

"हळू बोला."

"हळूच बोलत आले इतके दिवस. ट्रक थांबवा आधी, मग मला काय बोलायचं ते बोला."

"कळतंय का तुम्हाला, घरी जावं लागेल?"

"कळतंय. आणि झाकणं ओळखायचा हा खेळ मी काढला होता, हेही सांगा मालकांना. हिचा संबंध नाही."

नणंदेने तोंड उघडलं. वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. मित्रांनो, खेळ कुणी काढला होता ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

जांभईसाहेब स्टुलावर बसले. त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "मलाही कंटाळाच आला होता. नव्या बाटल्या करायचा." आणि ते उठून फाटकाकडे पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं.

ट्रक रिकामा झाला. गोदामातला मालही बाहेर आला, दुकानांतला परत मागवला. त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्यासमोर सगळे आळीपाळीने बसले. जांभईसाहेब बसले, लेबल लावणाऱ्या बायका बसल्या, मालकसुद्धा बाह्या वर करून बसले. आत काच असलेल्या बाटल्या सापडल्या. एक नाही, बऱ्याच. प्रत्येक वेळी ज्याला सापडली तो ती लाल टोपल्यात ठेवायचा आणि पुढची घ्यायचा.

आणि मी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघत होते. पेटी तीच, बाटल्या त्याच, स्टुलं तीच, ते "तीच बाटली, तीच बाटली" सगळं तेच. मग कंटाळा कुठे गेला? कुणी रेडिओ लावला नव्हता, कुणी चहाची पैज लावली नव्हती. तरी प्रत्येक डोळा तळापर्यंत जात होता. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पुढच्या बाटलीत काय आहे. आधी सगळ्यांना वाटायचं, माहीत आहे. मला कळलेला कंटाळा एवढाच आहे. बघायच्या आधीच माणूस ठरवून टाकतो की यात काही नाही, आणि मग म्हणतो, यात काही नाही.

वहिनीला हे माझ्याआधी कळलं होतं. तिला कामावरून काढलं होतं, पण महिनाअखेरीपर्यंत काम करायचं होतं. मालकांनी तेवढी सवलत दिली, फार मोठे उपकार केल्यासारखी. शेवटच्या आठवड्यात तिने जांभईसाहेबांना गाठलं.

"सगळे आता घाबरलेत म्हणून बघतायत. भीती चार दिवस पुरते. पाचव्या दिवशी पुन्हा झाकणं बघतील."

"मग काय करू?"

"खोट्या बाटल्या तुम्ही एकट्याने करू नका. रोज एकीने करायची, दुसरीसाठी. रोज नवी, नव्या झाकणाची. मोजून करायची, आणि संध्याकाळी एकूण एक परत आली पाहिजे. आणि एका जागी फार वेळ बसवू नका. थोडं बघायचं, मग उठायचं, लेबलाकडे जायचं, तिथलीने या जागी बसायचं, मग परत यायचं. डोळा माणसाचाच आहे."

जांभईसाहेबांनी ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगते. आणि काय मजा यायची हो! बायका घरून येताना विचार करून यायच्या. पापणीचा केस, खडूची भुकटी, कांद्याच्या सालीचा एवढासा तुकडा. दुसरीला फसवायचं म्हणजे आधी आपल्याला नीट बघावं लागायचं, काय कुठे लपतं, काय तरंगतं, काय खाली बसतं. खेळ बंद झाला नाही. फक्त तो झाकणावरून बाटलीच्या पोटात गेला.

आणि हे ज्या बाईने सुचवलं, तिला घरी पाठवलं. खोटं बोलायला निघालेला माणूस राहिला, खेळ काढणारी राहिली, मी राहिले. एकटी खरं बोलणारी गेली. नियम म्हणजे नियम, मालक म्हणाले. मित्रांनो, माझा राग कशाचा आहे हे आता तरी कळलं का? माझ्यावरच्या आळाचं मी कधीच सोडून दिलं असतं.

नणंद आपल्याच स्टुलावर बसायची, वहिनीचं रिकामं राहिलं. घरी दोघींचं काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. घरं मला दिसत नाहीत. मला तिचे डोळे दिसायचे, आणि ते थांबलेले नसायचे. सुजलेले असायचे, पण थांबलेले नसायचे.

एका सकाळी जांभईसाहेब माझ्याजवळ उगाच रेंगाळले, एकदाही जांभई न देता. नणंद बाटल्या घेत होती. उलटी, सरळ, फिरव, पुढे. उलटी, सरळ, फिरव, पुढे. मग एक बाटली काळ्या पट्टीसमोर आली आणि तिचा हात थांबला. झाकण नवं कोरं होतं. पांढऱ्या पट्टीवर काही दिसत नव्हतं. काळ्या पट्टीवर, अगदी तळाशी, एक बारीक पांढरा धागा होता. धागा म्हणावा तर सरळ नव्हता. रुपेरी होता, थोडा कुरळा. माणसाचा पिकलेला केस.

त्या खोलीत तसे कुरळे, पिकलेले केस एकीचेच होते. जायच्या दिवशी तिने ती बाटली बनवून जांभईसाहेबांच्या हातात दिली होती आणि सांगितलं होतं, नणंद घाबरायची थांबली की सोडा.

नणंदेने ती लाल टोपल्यात टाकली नाही. दोन्ही हातांनी माझ्या उजेडात धरून राहिली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, सापडलीस." आणि डोळे पुसून पुढची बाटली घेतली. त्या संध्याकाळी ती सरळ मालकांच्या खोलीत गेली. दार बंद होतं, पण आवाज माझ्यापर्यंत आला. "खेळ मी काढला होता. वहिनीने नाही. आता मला काढा, पण तिला परत बोलवा."

मालकांनी काय केलं? विचार करू म्हणाले. अजून करतायत. वहिनीचं स्टूल रिकामं आहे. नणंद रोज सकाळी आधी ते पुसते, मग आपलं.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे, आणि ती मी रागानेच करते. पुस्तक उघडून, ताट समोर घेऊन, आजीची तीच गोष्ट ऐकताना, तोच रस्ता चालताना "कंटाळा आला" असं तुमच्या तोंडून निघालं, तर लगेच दुसरं काहीतरी हातात घेऊ नका. आधी बघा, तुमचे डोळे कुठे थांबलेत. झाकणावर थांबले असतील तर तळापर्यंत न्या. तिथे काही नसेलही. पण नाही हे बघून सांगा.

आणि मला तुमच्या घरी बोलवू नका. मला इथे काम आहे. पुढची बाटली समोर आली आहे, आणि तिच्यात काय आहे ते मला अजून माहीत नाही.